पंपाचं मी बघतो

रविवार, १ जानेवारी १९८४

आजपासून मी सुखनिवास सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी. बिनविरोध. खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणी हात वर केलाच नाही. आमचा अध्यक्ष दत्ताराम गावकर म्हणाला, "परुळेकर, तुम्ही घरीच असता ना दिवसभर, मग तुम्हीच घ्या." हे त्याने सोळा बिऱ्हाडांसमोर म्हटलं. लक्षात ठेवीन.

संध्याकाळी दप्तर चाळलं. आधीचा सेक्रेटरी काय लिहायचा पाहा. 'टाकी साफ करण्यात आलेली नाही.' 'जिन्यातील दिवा फोडण्यात आला आहे.' 'योग्य ती कारवाई करण्यात येईल.' कोणी साफ केली नाही? कोणी फोडला? कारवाई कोणाचा बाप करणार? पानंच्या पानं बेवारशी वाक्यं, एकालाही धनी नाही.

मी बत्तीस वर्षं मिलच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळला. संप लांबला आणि गेल्या वर्षी घरी पत्र आलं, 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली शिक्का आणि कोणाची तरी रेघोटी. माझी नोकरी कोणी घेतली त्याचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. ते वाक्य मला पाठ आहे. माझ्या दप्तरात असलं वाक्य येणार नाही. ज्याने केलं त्याचं नाव आधी, मग काय केलं ते.

गुरुवार, ५ जानेवारी

पहिली नोटीस लावली. 'तिसऱ्या मजल्यावरच्या श्रीमती रत्नप्रभा तळेकर चादरी न पिळता वाळत घालतात. ते पाणी खालच्या गॅलऱ्यांत पडतं.' अर्ध्या तासात बाई खाली.

"बोर्डावर माझं नाव लावलंत? मी काय दरोडा घातलाय?"

"वाक्यात खोटं काय आहे ते दाखवा. आत्ता काढतो."

बाईंनी दोनदा वाचलं आणि पाय आपटत गेल्या. आज त्यांच्या चादरी अशा पिळलेल्या आहेत की इस्त्रीलाही दाद देणार नाहीत. दूध आणायला जाणारी माणसं बोर्डासमोर थांबतात, वाचतात, वर तिसऱ्या मजल्याकडे बघतात आणि हसतात. इतका आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

रविवार, ८ जानेवारी

आमचा वॉचमन कुंडलिक वाघमारे. मागच्या बाजूला पंपाची खोली आहे, तिच्यातच तो, त्याची बायको मालन आणि मुलगी नंदा राहतात. एका भिंतीला पंप, दुसऱ्या भिंतीला संसार. नोकरी आहे तोवर खोली, असा ठराव आहे. मालन आजूबाजूच्या बिल्डिंगांत धुणीभांडी करते. नंदा यंदा दहावीला.

आज ही नंदा बोर्ड वाचत उभी. मी सहज विचारलं, कळतं का काही? तर म्हणाली, "सर, 'गच्चीला कुलूप लावलेलं आहे' असं लिहिलंय. कोणी लावलंय?"

कुलूप मीच लावलं होतं. कागद काढला, 'गच्चीला सेक्रेटरीने कुलूप लावलं आहे' असा बदलून लावला. सोळा बिऱ्हाडांत एकाच्या डोक्यात हा प्रश्न आला नाही, वॉचमनच्या पोरीच्या डोक्यात आला. तिला म्हटलं, रविवारी वही घेऊन येत जा, निबंध तपासून देईन. जानकीला बरं वाटलं. जानकीला, म्हणजे माझ्या बायकोला, शिकणाऱ्या पोरी आवडतात. आम्हाला मूलबाळ नाही.

रविवार, १५ जानेवारी

नंदाचा निबंध: 'माझे वडील.' पहिलंच वाक्य, 'माझ्या वडिलांना मुंबईला आणले गेले.'

"कोणी आणलं?" मी विचारलं.

ती विचार करून म्हणाली, "दुष्काळाने."

"मग तसं लिही."

तिने लिहिलं, 'दुष्काळाने माझ्या वडिलांना जालन्याहून मुंबईला आणलं.' चांगलं वाक्य. लाल पेन्सिलीने शेजारी 'उत्तम' लिहिलं. पोरगी हुशार आहे पण जरा आगाऊ. मला सांगते, "सर, पुस्तकात 'कुंडलिकने टाकी धुतली' यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात." म्हटलं, पुस्तकातलं पुस्तकात राहू दे, मी व्याकरण शिकवत नाही, खरं बोलायला शिकवतो. आणि तिने विचारलं, "कोणी केलं ते सांगायचंच नसेल तर?" मी म्हटलं, तसं लिहिणारा माणूस चोर असतो. तिने तेही वहीत उतरवून घेतलं.

जानकीने तिला आपल्या घरातल्या कपात चहा दिला. कुंडलिकचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, ती पद्धत आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. जानकीला नंतर तसं बोललो. तिने नंदाचा कप विसळून इतर कपांत ठेवून दिला.

शुक्रवार, २० जानेवारी

नवीन सुधारणा. आपल्याकडे नोटीस निघाली की वॉचमन ती घरोघर फिरवून सह्या आणतो. नंतर हेच सभासद तोंड वर करून सांगतात, आम्हाला नोटीस मिळालीच नाही. आता सहीपुढे वेळही घालायची. माणसं सातला स्टेशनच्या वाटेला लागतात, म्हणून नोटीस सव्वासहालाच फिरायला निघणार. दत्ताराम म्हणाला, "परुळेकर, सोसायटी आहे का पोलीस चौकी?" मी हसलो नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

आज वार्षिक सभेची नोटीस. कुंडलिकला वर बोलावून कागद हातात दिला. तो घुटमळला.

"साहेब, पानी आलंय. पंपाचं कसं? मालन कामावर गेली, नंदाची पूर्वपरीक्षा हाय. बघाया कुनी न्हाई."

"तू नोटीस फिरव. पंपाचं मी बघतो."

खाली जाऊन बटण दाबून आलो. खोली नीटनेटकी आहे. नंदाच्या वह्या पत्र्याच्या ट्रंकेवर ओळीने लावलेल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. खालच्या टाकीतलं पाणी वर चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात सभासदांसाठी लेखनसूचनांचा मसुदा करून टाकावा म्हणून ही डायरीच घेऊन बसलो.

सूचना पहिली. करणाऱ्याचं नाव सुरुवातीला. सूचना दुसरी. 'करण्यात यावे', 'घेण्यात येईल' हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा, कोणी? सूचना तिसरी. माणूस नाव का लपवतो? भीतीमुळे, नाहीतर आळसामुळे. भित्र्याला आपलं नाव लपवायचं असतं, आळशाला दुसऱ्याचं शोधायचं नसतं.

आता नाव न घेता लिहिणं कुठे चालतं तेही द्यायला हवं, नाहीतर लोक म्हणतील परुळेकर हटवादी आहे. 'रस्त्यावर नवे दिवे बसवले.' इथे बसवणाऱ्याचं नाव कळून आपल्याला काय करायचं? दिवे महत्त्वाचे. किंवा 'काल रात्री सायकल चोरीला गेली.' चोर ठाऊकच नाही, मग नाव कुठून आणणार? म्हणजे नियम असा झाला. नाव ठाऊक नसेल किंवा नावाने काही फरक पडत नसेल तर वगळावं. ठाऊक असून वगळलं, तर ती लबाडी. हे वाक्य ठळक अक्षरांत यायला हवं. 'ठाऊक असून वगळणे' बरं की 'ठाऊक असताना वगळणे'? 'असताना' जरा ढिलं पडतं. 'असून' बरं.

जानकी आतून दोनदा म्हणाली, अहो, पंप. म्हटलं, माहीत आहे. लिहिताना बोललं की माझं डोकं फिरतं.

सूचना चौथी. वाक्य लहान ठेवा. लांब वाक्यात माणसाला लपायला जागा मिळते. हे मला आत्ता सुचलं आणि फार आवडलं.

त्याच दिवशी, सकाळी साडेदहा

पंपाची मोटर जळाल्याचं आढळून आलं. खालच्या टाकीतलं पाणी संपल्यावरही पंप सुरू राहिला असावा. तो वेळेवर बंद करण्यात आला नाही. सव्वासातला कुंडलिक सह्या घेऊन खाली आला तेव्हा खोलीत धूर भरला होता म्हणतात. मागच्या अंगणात सगळे जमले, दत्ताराम ओरडत होता, "कोणी केलं हे? कोणी?" कुंडलिक माझ्याकडे बघत होता. मी मोटरकडे बघत होतो.

दहा वाजता बोर्डावर लावलं. 'पंप चालू-बंद करण्याचं काम कुंडलिक वाघमारे यांचं आहे. आज कुंडलिक वाघमारे यांनी पंप बंद केला नाही. मोटर जळाली.' तीन वाक्यं आणि एकातही खोटं अक्षर नाही. कोणीही तपासून पाहावं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

मोटर नवी तार गुंडाळून घ्यायला नेली आहे, चार दिवस तरी लागतील. चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या. रत्नप्रभाबाई प्रत्येक जिन्यावर बादली टेकतात आणि कुंडलिकच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तो आणि मालन सकाळपासून घरोघर पाणी पोचवताहेत, तरी लोकांची तोंडं बंद होत नाहीत. एकाने तर त्याच्या हातून भरलेली बादली घेतली आणि वर म्हणाला, "दिवसभर झोपा काढायला पगार देतो का रे तुला?" कुंडलिक पुढची बादली भरायला खाली उतरला.

दुपारी तो माझ्याकडे आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"साहेब, तुम्हीच म्हनला हुता, पंपाचं मी बघतो."

"काम कोणाचं आहे? माझं का तुझं?"

"माजंच हाय."

"मग संपलं."

तो गेला. सेक्रेटरीपद जाईल याची मला धास्ती वाटत नाही असं नाही. ते गेलं तर पुन्हा मी नुसता घरी बसलेला परुळेकर. दत्ताराम त्याचंही काहीतरी बोलेल, सगळ्यांसमोर.

शनिवार, ११ फेब्रुवारी

सह्यांचा कागद पाहिला. वेळा घातल्या आहेत लोकांनी, माझ्या सुधारणेचं पहिलंच फळ. पहिला मजला सहा वीस, रत्नप्रभाबाई सहा चाळीस, चौथा मजला सात दहा. म्हणजे पाऊण तास कुंडलिक जिन्यातच होता, हे सोळा माणसांनी आपापल्या हाताने लिहून दिलेलं. कागद जरा चुरगळलेला होता, चहाचा डागही होता. स्वच्छ प्रत करून काढली. सभासदांची नावं माझ्या अक्षरात, प्रत्येकापुढे 'सही केली'. वेळांचा रकाना नव्या प्रतीत घेतलेला नाही. मूळ कागद ठेवण्यात आलेला नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

दत्ताराम म्हणतो, वॉचमन बदलायचाच. त्याच्या गावचा धाकू नावाचा माणूस बसून आहे. पण लेखी कबुली असलेली बरी, नाहीतर उद्या कोणी युनियनवाला येऊन उभा राहील. कबुली मी लिहिली. 'मी, कुंडलिक वाघमारे, दिनांक ७ रोजी पंप बंद केला नाही. त्यामुळे मोटर जळाली.'

कुंडलिकला सहीपुरतं येतं, वाचता येत नाही. म्हणून नंदाला वाचून दाखवायला लावलं. तिने स्पष्ट वाचलं, मग कागद खाली ठेवला.

"सर, पंप चालू कोणी केला ते यात नाही."

"ते कोणी विचारलेलं नाही."

"तुम्हीच सांगता ना, न विचारलं तरी लिहायचं."

जानकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी कुंडलिकला म्हटलं, सही केलीस तर परीक्षा होईपर्यंत खोली राहील, नाही केलीस तर उद्याच सामान बाहेर. दहावीची परीक्षा बारा मार्चला सुरू होते. नंदाचं केंद्र इथलंच, मुलुंडचं. त्याला एवढंच हवं होतं.

"पोरीचा पेपर हुईस्तवर राहू द्याल नव्हं?"

"राहाल."

"लिहून द्याल, सर?" हे नंदाने विचारलं.

मी म्हटलं, मुली, मी शब्द दिलाय. मोठ्या माणसाकडे लिहून मागू नये. कुंडलिकने सही केली. शिरोरेघ द्यायची राहिली होती, ती मी मागून मारली. नंदा आज वही घेऊन आलीच नव्हती.

रविवार, २६ फेब्रुवारी

वार्षिक सभा, गच्चीवर. आटोपली एकदाची. सगळं नीट लिहून ठेवतो.

मी कबुली वाचली. कुंडलिक जिन्याच्या तोंडाशी उभा होता, मागे मालन आणि नंदा. दत्ताराम म्हणाला, "माणसाने कबूल केलंय, विषय मिटला. तीन दिवसांत खोली खाली करून घेऊ, धाकू एक तारखेपासून येतोय." रत्नप्रभाबाई मध्येच म्हणाल्या, "पण त्या दिवशी सात वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा हा माझ्या दारात होता. मी वेळ घातलीय." मी प्रत पुढे केली. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "यात वेळा कुठायत?" दत्ताराम म्हणाला, "बाई, आता चादरींचा राग इथे काढू नका." लोक हसले, बाईंनी प्रत परत केली. कोणालाच पुन्हा बादल्या आणि चौकशा नको होत्या.

आणि जानकी उठली. एकवीस वर्षांत ती कधी सभेत बोललेली नाही. पदर घट्ट धरून म्हणाली, "पंप ह्यांनी चालू केला होता. मी खिडकीतून बघितलं. दोनदा सांगितलं, बंद करा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार होतो मला ठाऊक नाही. पण दत्तारामने हात वर केला आणि मोठ्याने विचारलं, "ह्यांनी म्हणजे कोणी, वहिनी? नाव घ्या की!"

मागून कोणीतरी ओरडलं, "उखाण्यात घ्या!" बायकाच आधी फिदीफिदी हसल्या, मग सगळी गच्ची. "घ्या, घ्या, वहिनी, लाजू नका!" एकाने टाळ्यांचा ठेका धरला. जानकीने लग्न झाल्यापासून माझं नाव घेतलेलं नाही, तिच्या आईनेही वडिलांचं कधी घेतलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. टाळ्या चालूच होत्या. तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळे भरले आणि ती खाली बसली.

"बरं, पुढे," दत्ताराम म्हणाला. हात वर झाले. ठराव पास. एकोणतीस तारखेच्या आत खोली खाली. परीक्षेचं मी काढलं नाही. काढलं असतं तर पुन्हा सगळं उकरलं गेलं असतं. नंदा सारखी माझ्याकडे बघत होती.

इतिवृत्तात लिहिलं, 'सौ. परुळेकर यांनी मनोगत व्यक्त केले. सभा खेळीमेळीत पार पडली.' मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री चांगली झोप लागेल असं वाटतं.

बुधवार, २९ फेब्रुवारी

गेले. एक ट्रंक, एक गोधडीचं बोचकं, स्टोव्ह. घाटकोपरला मालनचा भाऊ राहतो, त्याच्या खोलीत आधीच सात माणसं. मी खाली उभा होतो, सोसायटीचा बल्ब बिल्ब नेतात की काय ते बघायला.

नंदा म्हणाली, "सर, परीक्षेपर्यंत म्हणाला होता तुम्ही."

"सभेने ठरवलं. माझ्या एकट्याच्या हातात काय असतं?"

"सभेत तुम्ही बोललाच नाहीत."

मी तिला दिलेला शब्दकोश परत मागितला, कारण उद्या तो कुठल्या झोपडीत भिजायचा. तिने ट्रंक उघडून काढून दिला. कव्हर घातलं होतं त्याला, वर्तमानपत्राचं, कोपरे दुमडून.

जेवताना जानकी म्हणाली, "पोरीला आपल्याकडे ठेवू. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. गॅलरीत झोपेल." कुंडलिकला तिने जिन्यात थांबवूनही ठेवलं होतं म्हणे. मी नाही म्हटलं. जागेचं कारण दिलं. खरं कारण असं की ती पोरगी रोज समोर बसून माझ्याकडे बघणार, ते मला सोसलं नसतं. जानकी ताटावरून उठली.

सोमवार, ५ मार्च

जानकी काल न सांगता घाटकोपरला जाऊन आली. तिथे तिसऱ्या दिवशीच भांडणं झाली, कुंडलिक बायकापोरीला घेऊन जालन्याकडे निघून गेला. नंदा म्हणत होती मी राहते, पण तरण्या पोरीला अशा खोलीत कोणाच्या भरवशावर ठेवायचं, असं मालन म्हणाली, हे मालनच्या भावाने जानकीला सांगितलं. मी जानकीला समजावलं की माणसं कष्टाळू आहेत, परीक्षेला परत येतील, पोरगी जिद्दीची आहे. तिने ऐकलं की नाही कळलं नाही.

धाकू कामाला लागला. पंपाच्या खोलीत दत्तारामच्या भावाचं फर्निचर येऊन पडलं आहे. ते कोणी ठेवलं ते मी बोर्डावर लिहिलेलं नाही, उगाच वाद.

सोमवार, १२ मार्च

आज दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. जानकी सकाळी अंघोळ करून, वाटीत दही-साखर घेऊन बाहेर पडली. मी म्हटलं, वेडी आहेस का. ती चपला घालून जिना उतरली.

दीड वाजता परत आली. शाळेच्या फाटकाशी ती पेपर सुरू व्हायची शेवटची घंटा होईपर्यंत उभी होती, मग शिपायाला विनवून आत गेली. नंदाचा बाक रिकामा होता. बाकावर नंबराची चिठ्ठी डकवलेली होती, एवढंच तिने सांगितलं. दह्याची वाटी ओट्यावर तशीच पडली आहे. मलाही वाईट वाटलं, मराठीत त्या पोरीला पंचाऐंशीच्या वर पडले असते. पण खबरदारी आई-बापांनी घ्यायला हवी होती.

मंगळवार, १३ मार्च

सकाळी पाणी आलं होतं. अंगणात दत्ताराम, मी, बादली घेऊन रत्नप्रभाबाई, गॅलऱ्यांत दात घासणारे निम्मे सभासद. धाकू पंपाचं बटण दाबत होता. मी दत्तारामला लेखनसूचना छापून घ्यायच्या म्हणून सांगत होतो.

वरून हाक आली, "चंद्रप्रकाश!"

मला हाक मारली आहे हे कळायला वेळ लागला. वडील गेल्यापासून असं एकेरी कोणी बोलावलेलं नाही. वर पाहिलं तर जानकी आमच्या गॅलरीत, दोन्ही हात कठड्यावर, डोक्यावर पदर नाही.

"चंद्रप्रकाश परुळेकर! पंप तू चालू केलास. मोटर तू जाळलीस. नंदाची परीक्षा तू बुडवलीस."

घासणारे हात थांबले. रत्नप्रभाबाईंची बादली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मी दत्तारामकडे पाहिलं, म्हटलं हा आता काहीतरी बोलून हसवेल. दत्ताराम चप्पल शोधत होता, जी त्याच्या पायातच होती. कोणी हसलं नाही. जानकीने तेच पुन्हा एकदा म्हटलं, त्याच क्रमाने, जराही आवाज न चढवता, आणि आत गेली.

मंगळवार, २० मार्च

आठवडा झाला. ती स्वयंपाक करते, कपडे धुते, सगळं करते. फक्त मला नावाने हाक मारते. चंद्रप्रकाश, जेवायला बस. चंद्रप्रकाश, दूध उतू गेलं. दूधवाल्यासमोर, पोस्टमनसमोर, जिन्यात. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "काय म्हणतात ते तूच विचार."

मी विचारायला जात नाही. खाली उतरलो की बोलणारे गप्प होतात. काल बोर्ड बघितला, आठ दिवसांत मी काही लावलेलं नाही, जुनी नोटीस कोणीतरी फाडली आहे. कोणी फाडली याची चौकशी केलेली नाही.

आत्ता ती आतून हाक मारते आहे. दोन हाका झाल्या. जावं लागेल, नाहीतर ती गॅलरीत येऊन मारते.